‘टेक’ या एका क्रियापदाचे चार आठवडे : बडोद्यातील एका इंग्रजी वर्गाचे परीक्षण

यंत्रांचे सुटे भाग चीनमधून मागवणाऱ्या एका कार्यालयात मी पत्रव्यवहाराचे काम पाहते. मागच्या वर्षी एका पुरवठादाराने मुंबईतील प्रदर्शनाच्या आधी आम्हाला इंग्रजीत लिहिले होते की, ‘तुम्ही याल तेव्हा नमुने टेक करा.’ नमुने तेथे मिळणार आहेत आणि ते आपण घ्यायचे आहेत, असा अर्थ आम्ही लावला आणि आमची माणसे रिकाम्या हातांनी गेली. त्यांना म्हणायचे होते, ‘येताना नमुने घेऊन या’. म्हणजे तेथे ‘ब्रिंग’ हवे होते. एका क्रियापदापायी एक फेरी वाया गेली. त्यामुळे दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, चिनी आणि मराठी विद्यार्थ्यांना एकत्र बसवून दर महिन्याला एकच इंग्रजी क्रियापद शिकवणारा वर्ग भरतो असे कळल्यावर मी लगेच नाव नोंदवले. त्या महिन्याचे क्रियापद ‘टेक’ होते.

शनिवार-रविवारी संध्याकाळी दीड-दीड तासाची एक बैठक, अशा एकूण आठ बैठका, आणि शुल्क दोन हजार चारशे रुपये. आम्ही अकरा जण होतो. त्यांतील पाच जण जिल्ह्यातील एका कारखान्यात काम करणारे चिनी तंत्रज्ञ होते आणि बाकीचे आम्ही रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या भागांतील मराठी लोक. शिकवणाऱ्या बाई मराठी असून त्यांनी चिनी भाषेचा रीतसर अभ्यास केलेला आहे. आम्ही त्यांना ‘बाई’ म्हणत असू आणि चिनी विद्यार्थी ‘लाओश’, म्हणजे गुरुजन, म्हणत.

या वर्गाचे खरे वैशिष्ट्य पहिल्याच तासाला दिसले. बाईंनी फळ्यावर ‘टेक’च्या अर्थांची यादी लिहिली नाही. त्यांनी टेबलावर एक किल्ली ठेवली आणि ती उचलताना तिन्ही भाषांत काय म्हणाल, एवढेच विचारले. मराठीत ‘घेणे’ आणि चिनीत ‘ना’. या चिनी शब्दाची आकृती ‘जुळणे’ हा अर्थ असलेले चिन्ह वर आणि ‘हात’ हे चिन्ह खाली, अशी बनलेली आहे. बोटे जुळवून हातात धरणे हा त्याचा मूळ भाव त्या आकृतीतच उघड दिसतो. किल्लीपाशी तिन्ही भाषा एकमेकींना चिकटून उभ्या असतात. हात बाजूला झाला, की त्या तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी निघतात, आणि पुढचे सगळे तास बाई आम्हाला त्या वाटांवरून हिंडवत होत्या.

औषधाचे उदाहरण प्रथम आले. हुनान प्रांतातील एक तरुण अभियंता आपण सकाळी औषध ‘ईट’ केल्याचे सांगत होता, कारण चिनी भाषेत औषध खाल्ले जाते, मग ती गोळी असो वा आणखी काही. आमच्यातील एकाला ते विचित्र वाटले. त्यावर बाईंनी त्याला विचारले, ‘घरी आई तुम्हाला काय म्हणते?’ आई ‘गोळी खाल्लीस का’ असेच विचारते, हे त्याने मान्य केले. डॉक्टरांसमोर ‘औषध घेतो’ आणि स्वयंपाकघरात ‘गोळी खातो’, अशी आपली दोन्ही रूपे आहेत. समोरच्याची चूक आपल्याच भाषेत कोठेतरी नांदत असते, हे दाखवण्याची बाईंची ही पद्धत मला अत्यंत मोलाची वाटली, कारण त्यानंतर वर्गात कोणी कोणाला हसले नाही.

वाहनांच्या बाबतीत मात्र कोणाचेच जमत नव्हते. इंग्रजीत बस ‘टेक’ करतात, चिनीत बस किंवा विमान ‘बसतात’, आणि आपण बसने जातो पण रिक्षा ‘करतो’. छायाचित्र आपण काढतो, इंग्रज घेतो. स्नान आपण करतो, इंग्रज तेही घेतो.

सर्वांत रंगलेला तास परीक्षेचा होता. आम्हा मराठी मंडळींपैकी चौघांनी, त्यांत मीही होते, ‘परीक्षा दिली’ यासाठी ‘गिव्ह’ वापरले. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करणारा विद्यार्थी असतो. म्हणजे आपण शब्दशः भाषांतर केले, तर नुसता शब्द चुकत नाही. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या जागाच बदलतात. नोकरीच्या अर्जात अशी चूक झाली, तर अर्जदाराने परीक्षा घेतली असे वाचणाऱ्याला वाटेल. चिनी विद्यार्थ्यांपैकी एकाचीही येथे चूक झाली नाही. त्यांच्या भाषेत परीक्षेसाठी ‘सहभागी होणे’ या अर्थाचे क्रियापद येते, त्यामुळे देण्या-घेण्याचा गोंधळ त्यांना ठाऊकच नाही. गंमत अशी की तेच क्रियापद ते सभेत किंवा स्पर्धेत भाग घेण्यासाठीही वापरतात, आणि तेथे इंग्रजीही ‘टेक पार्ट’ म्हणते, आपणही ‘भाग घेणे’ म्हणतो. त्या दिवशी कारखान्यातील पाच जणांनी आम्हा सहा जणांना शिकवले असे म्हटले तरी चालेल.

वेळेच्या बाबतीत पारडे फिरले. चिनी शाळांतून ‘स्पेंड’, ‘कॉस्ट’, ‘टेक’ आणि ‘पे’ ही चार क्रियापदे एकत्र बांधून शिकवतात, कारण चिनी भाषेतील ‘ह्वा’ हे एकच क्रियापद पैसा आणि वेळ दोन्ही खर्च करण्यासाठी चालते. इंग्रजीत मात्र माणूस खर्च करतो तेव्हा एक क्रियापद, वस्तूची किंमत पडते तेव्हा दुसरे आणि कामाला वेळ लागतो तेव्हा ‘टेक’. त्यामुळे ‘या कामाने मला दोन तास स्पेंड केले’ अशी वाक्ये चिनी विद्यार्थी लिहितात. मराठी माणसाला येथे आयती वाट आहे, कारण ‘दोन तास लागतात’ ही आपली रचना इंग्रजी वाक्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते : काम पुढे, वेळ मागे, आणि माणूस असलाच तर ‘मला’ म्हणून एका कडेला. ‘लागणे’ या शब्दाकडे मी इतक्या आदराने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

काळजी घेणे, शपथ घेणे, श्वास घेणे, सूड घेणे, जबाबदारी घेणे, निर्णय घेणे या ठिकाणी मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. तेथे आम्हाला काहीच शिकावे लागले नाही आणि चिनी विद्यार्थ्यांना मात्र प्रत्येक जोडी नव्याने पाठ करावी लागली. निर्णय ते ‘करतात’ आणि विश्रांतीसाठी त्यांच्याकडे एकच स्वतंत्र क्रियापद आहे. या सलगीचा धोकाही बाईंनी सांगितला : इतक्या ठिकाणी जुळते म्हणून आपण शंकाही ‘टेक’ करू लागतो आणि दर्शनही.

माझ्या नमुन्यांचा प्रश्न तिसऱ्या तासाला सुटला. चिनीत ‘दाय लाय’ म्हणजे घेऊन येणे आणि ‘दाय छ्यू’ म्हणजे घेऊन जाणे. मुख्य क्रियापद एकच, दिशा पुढच्या शब्दात. आपल्या ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ यांची घडण अगदी हीच आहे. इंग्रजीने ती दिशा क्रियापदाच्या पोटातच घातली आहे, म्हणून पुढचा शब्द सोडून केवळ ‘दाय’चे भाषांतर केले, की ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांची अदलाबदल होते. आपल्याकडे ‘आणणे’ आणि ‘नेणे’ हे स्वतंत्र शब्दही आहेत. लिहिण्यापूर्वी मनात ते म्हणून पाहावे, हा बाईंचा सल्ला मी तेव्हापासून रोज पाळते.

रूपांवर बाईंनी एकच तास खर्च केला आणि ते योग्यच होते. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही, काम पूर्ण झाल्याचे ‘ल’सारख्या छोट्या शब्दाने कळते; म्हणून ‘टुक’ आणि ‘टेकन’ त्यांना घोकावेच लागतात. त्याच तासाला बाईंनी सांगितले की ‘टेक’ हा शब्द मूळ इंग्रजी नाही. तो उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘टाका’ या शब्दातून आला आणि त्याने ‘निमन’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाची जागा बळकावली. त्या हरवलेल्या शब्दाचा एक अवशेष ‘नम’ म्हणजे बधिर या शब्दात उरला आहे : थंडीने ज्याचा ताबा घेतला, ते बधिर.

आता उणिवा. पहिली म्हणजे ‘टेक ऑफ’, ‘टेक ओव्हर’, ‘टेक अप’, ‘टेक आफ्टर’ अशा जोडक्रियापदांना फक्त शेवटचा तास मिळाला. बावीस जोड्यांची छापील यादी आमच्या हाती देण्यात आली, आणि ज्या यादीपासून आम्हाला महिनाभर दूर ठेवले होते, तीच शेवटी पुढ्यात आली. कोट अंगावरून सुटतो आणि विमान जमिनीवरून सुटते, एवढे एक वाक्य सांगितले असते, तरी ‘टेक ऑफ’चे दोन अर्थ एकाच चित्रात बसले असते. त्याहून हळहळ याची वाटते की हुनानच्या त्या अभियंत्याने स्वतः होऊन सांगितले, ‘ना छू’ म्हणजे बाहेर काढणे आणि ‘ना झोऊ’ म्हणजे घेऊन जाणे, आमच्याकडेही क्रियापदापुढे दिशेचा शब्द येतो. ‘टेक आउट’ आणि ‘टेक अवे’ यांची घडण त्याच्या भाषेत तयार सापडली होती. तेवढ्या एका धाग्यावर पूर्ण तास घेता आला असता, पण घड्याळ पुढे गेले होते आणि तो धागा तेथेच सुटला.

दुसरी उणीव टिपणांची आहे. त्यांत चिनी शब्द रोमन लिपीत छापले आहेत, पण सुरांच्या, म्हणजे उच्चारातील आवाजाच्या चढ-उताराच्या, खुणा नाहीत. चिनीत ‘खरेदी करणे’ आणि ‘विकणे’ या दोन शब्दांत फरक केवळ सुराचा आहे. व्यापारी पत्रव्यवहार करणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती खुणा नसलेले टिपण देणे बरोबर नाही. प्रतीही इतक्या फिकट होत्या, की दोन पाने मला शेजारणीकडून उतरवून घ्यावी लागली.

बडोद्यात अनेक भाषांचे शब्द शेजारी मांडण्याचे काम नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये, ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा राज्यकारभारातील संज्ञांचा अनेकभाषी कोश येथेच तयार झाला. कारभाराच्या संज्ञेसमोर दुसऱ्या भाषेतील संज्ञा ठेवता येते आणि ती ठेवलीच पाहिजे. ‘टेक’समोर मात्र असा एक शब्द ठेवता येत नाही, त्याच्यासोबत येणारे नाम ठेवावे लागते. म्हणून बाई प्रत्येकाला विद्यार्थ्यांसाठीचा एकभाषी इंग्रजी कोश सोबत आणायला लावतात, आणि वाक्यरचना दाखवणाऱ्या अशा कोशांची परंपरा जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांच्या १९४२ मध्ये टोकियोत छापलेल्या कोशापासून कशी वाढत गेली, हेही सांगतात.

ज्यांना आठ बैठकांत अस्खलित इंग्रजी बोलायचे आहे, त्यांनी या वर्गाला जाऊ नये. बोलण्याचा सराव येथे फारसा होत नाही. ज्यांना परदेशी माणसाशी इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागतो, त्यांनी मात्र अवश्य जावे आणि पहिल्याच दिवशी बाईंकडे दोन गोष्टी मागून घ्याव्यात : सुरांच्या खुणा असलेले टिपण आणि जोडक्रियापदांसाठी निदान दोन तास. पुढच्या महिन्यात ‘गेट’ आहे. मी शुल्क भरले आहे, आणि हुनानच्या अभियंत्याने त्या क्रियापदासाठीची चिनी वाक्ये आतापासूनच एका वहीत लिहायला घेतली आहेत.