सह्याद्रीच्या पावसात कोणता वॉकी-टॉकी टिकतो: टी८२, टी८२ एक्स्ट्रीम आणि टी९२

वॉकी-टॉकीच्या खोक्यावर सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं, तर "१० कि.मी. पर्यंत". घेणाऱ्याची नजर तिथंच अडकते. जुलैत भीमाशंकरच्या रानात किंवा एखाद्या घाटवाटेला जायचं असेल, तर खोक्याच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचा. मोटोरोलाच्या टॉकअबाउट मालिकेतल्या या तीन सेटमधला खरा फरक तिथंच आहे.

आतून हे तिघं जवळजवळ भाऊभाऊच. अर्धा वॉट ताकद, ४४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, १६ चॅनेल, आणि त्याच चॅनेलवरचे इतरांचे आवाज गाळणारे १२१ कोड. तिन्हींना निकेल-मेटल हायड्राइडचा, पुन्हा चार्ज होणारा पॅक चालतो आणि तो संपला तर तीन पेन्सिल सेलही बसतात. त्यामुळे महागातला सेट घेतला म्हणून आवाज लांब जाईल, हा हिशेब चुकीचा. जास्तीचे पैसे कवचाचे असतात.

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन: पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. टी८२ आयपीएक्स२ आहे. म्हणजे सेट जेमतेम १५ अंश कलला असताना वरून ठिबकणाऱ्या पाण्यापुरती हमी. आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्याला हे कवच पुरणार नाही. टी८२ एक्स्ट्रीम आयपीएक्स४ आहे, चहूबाजूंनी उडणारं पाणी झेलतो. पण ओढा ओलांडताना पाय घसरला आणि सेट डोहात गेला, तर त्याचीही हमी तिथं संपली. शिवाय पहिल्या अंकाच्या जागी 'एक्स' असण्याचा अर्थ असा की धुळीची चाचणी नोंदवलेलीच नाही. उन्हाळ्यात पठारावरची लाल धूळ बटणांच्या फटीत जाऊन बसते, तेव्हा हे आठवतं.

टी९२ आयपी६७ आहे. धूळ आत शिरत नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. पिवळाधमक रंग, पाण्यावर तोंड वर करून तरंगतो आणि पाण्यात पडताच टॉर्च आपोआप पेटतो. भर पावसातल्या ओढ्यात तरंगणं फार कामाचं नाही, प्रवाह सेट घेऊन जाणारच. पण गढूळ पाण्यात पेटलेला दिवा दिसतो, हा फायदा नक्की. पावसाळी ट्रेकसाठी तिघांत हाच घ्यावा. टी८२ ऑक्टोबर ते मे ठीक.

मात्र आयपी६७ हा कारखान्यातून निघालेल्या नव्या सेटचा दाखला आहे. सेल बदलताना झाकणाखालच्या रबरी पट्टीवर एखादा केस, वाळूचा कण किंवा सुकलेला चिखल राहिला की तेवढ्या फटीतून पाणी आत येतं. झाकण लावण्याआधी पट्टीवरून कोरडं बोट फिरवा, जिथं खरखर लागेल तिथं ओल्या कापडानं पुसा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर नखानं ढिलं होतं, ते अंगठ्यानं कडेकडेनं दाबून बसवा. हंगामाच्या सुरुवातीला एक चाचणी घरीच करावी: सेलच्या खणात टिश्यूचा तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं, सेट बंद करून बादलीत वीतभर खोल अर्धा तास दाबून धरायचा. बाहेर काढून आधी वरून पुसायचा, मग उघडायचा. टिश्यू दमट लागला तर तो सेट पावसात न्यायचा नाही. ही चाचणी टी८२ किंवा टी८२ एक्स्ट्रीमवर चुकूनही करू नका.

समुद्रकिनारी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. चाचणी गोड्या पाण्याची असते. खाऱ्या पाण्यात पडलेला सेट त्याच दिवशी नळाखाली हलक्या धारेत धुवायचा, नाहीतर चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर चढतो. स्पीकरच्या जाळीत पाणी साचलं की आवाज घोगरा येतो. सेट बिघडला असं समजू नका, जाळी खाली करून झटका.

काही कंपन्या पेटीवर 'मिल-स्टँडर्ड ८१०' लिहितात. हा अमेरिकी लष्कराचा चाचणी-ग्रंथ आहे, प्रमाणपत्र नव्हे. पडण्याच्या चाचणीत १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा टाकतात, पण कोणती चाचणी केली हे कंपनी स्वतःच सांगते. कोणती, हे लिहिलेलं नसेल तर त्या शिक्क्याला महत्त्व देऊ नका.

आता त्या १० किलोमीटरकडे येऊ. आकडा अगदीच खोटा नाही. दोन माणसं सपाट मोकळ्या जमिनीवर दीड-दीड मीटर उंचीवर सेट धरून उभी असली, तर रेडिओचं क्षितिज साधारण १० किलोमीटरच येतं. फक्त आपल्या वाटेत बेसाल्टचे डोंगर असतात आणि या पट्ट्यातल्या लहरी त्यांना वळसा घालत नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या कडेला उभं राहून खाली पायथ्याच्या बेलपाडा गावाशी बोलणं होऊ शकतं, कारण नजर थेट पोचते. तोच माणूस कडेपासून पन्नास पावलं मागे सरला की संभाषण तुटतं. दाट झाडीत तर कित्येकदा किलोमीटरभरही मिळत नाही. म्हणून नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, उतरणाऱ्या तुकडीनं एक सेट वर कडेवर ठेवावा. खालचा निरोप वरचा माणूस पुढे सांगतो.

सेलचं गणित वेगळं लक्षात ठेवा. पॅकचे तीन सेल मिळून ३.६ व्होल्ट, साध्या अल्कलाइनचे ४.५. अल्कलाइन घातलेला सेट चार्जिंगला लावायचा नाही. सेल गळतात आणि खण खातात. बोलताना विजेचा ओढा वाढतो, म्हणून "सेल भरलेला दाखवतोय, पण बटण दाबलं की बंद पडतो" ही तक्रार बहुधा सेल जुना झाल्याची असते. टी८२ला कंपनी १८ तासांपर्यंत सांगते. ते बहुतांश वेळ सेट नुसता ऐकत असतो असं धरून. गट गप्पिष्ट असेल तर निम्मे धरा आणि प्रत्येक सेटमागे तीन सेल सुट्या झिप-पिशवीत ठेवा.

बिघाड म्हणून जे सांगितलं जातं, त्यात वापरातल्या चुकाच जास्त. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन चॅनेल बदलतो: निघण्याआधी की-लॉक लावा. चॅनेल एक पण कोड वेगळा असेल तर दिवा लुकलुकतो, आवाज येत नाही. कोडमुळे बोलणं गुप्त राहतं हाही गैरसमज. तो फक्त इतरांचा आवाज तुमच्याकडे दाबतो, त्या चॅनेलवर कोड न लावलेल्या कुणालाही तुमचं ऐकू जातं. बटण दाबून सेकंदभर थांबून बोला, नाहीतर "थांबा, दगड येतोय" मधलं "थांबा" कापलं जातं. आणि हात न लावता बोलण्याची व्हॉक्स सोय वाऱ्यापावसात बंदच ठेवा. वारा माइकवर आदळला की सेट आपोआप बोलू लागतो आणि सगळ्यांचा चॅनेल अडवतो.

"पाच वॉटचा बाओफेंग स्वस्तात मिळतो, मग हे का?" हा प्रश्न येतोच. बाओफेंग ही चिनी कंपनी, यूव्ही-५आर हा तिचा वॉकी-टॉकी. भारतात २०१८च्या नियमांनुसार विनापरवाना मोकळीक ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झला आहे, तीही अर्ध्या वॉटपर्यंत. यूव्ही-५आरची सर्वांत कमी पातळीच १ वॉट आहे आणि तो दोन रुंद पट्ट्यांवर चालतो, म्हणजे परवाना लागणारच. वर त्याला पाण्याचं कोणतंही आयपी मानांकन नाही, तेव्हा पावसाळ्यापुरता प्रश्न तसाही मिटला. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली जोडीही इथं चालवायची नाही. ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलते, आपल्या सेटशी तिचं जुळतही नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बेकायदा वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या, पण खात्री करणं घेणाऱ्याच्याच हाती आहे. विक्रेत्याकडून त्या मॉडेलचा ईटीए, म्हणजे उपकरणाला सरकारी मंजुरी असल्याचा, दाखला मागा आणि दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर तपासा. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान गाठा.

२५ जणांच्या गटाला तीन सेट लागतात: पुढच्याकडे, मधल्याकडे आणि शेपटाकडे. चौथा गाडीशी थांबणाऱ्याकडे. दुकानात जोडी मिळते, म्हणून दोन जोड्या. परतल्यावर सेल काढा, झाकण उघडं ठेवून सेट पंख्याखाली रात्रभर वाळवा आणि सेट अडकवायचा पट्टा वेगळा वाळत घाला. ओला पट्टा सेटला गुंडाळून ठेवला की आठवड्यात बुरशीचा वास येतो.