होया आर72 इन्फ्रारेड फिल्टर : घ्यावा का? आणि घेतला तर फ्रेम लावायची कशी?

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. फिल्टर एक नंबर आहे, काच चांगली, रिंग चांगली, काम चोख. पण हा फिल्टर लावला की कॅमेरा आंधळा होतो, त्यामुळे ज्याला फ्रेम आधी डोक्यात लावता येत नाही त्याला हा दोन रविवार मजा देईल आणि मग कपाटात जाईल. इन्स्टाग्रामवर पांढरी झाडं बघून घेताय तर जरा थांबा, पुढचं वाचा.

होया ही फिल्टर बनवणारी कंपनी, आणि तिचा आर72 म्हणजे साधारण 720 नॅनोमीटरच्या पुढचा उजेड आत सोडणारा आणि त्याच्या अलीकडचा जवळजवळ सगळा अडवणारा फिल्टर. आपल्या डोळ्याला 700 च्या आसपासपर्यंतच दिसतं, म्हणून हातात घेतला तर ती काच चक्क काळी दिसते, बल्बसमोर धरली की मग गडद लाल झाक कळते (सूर्याकडे धरून बघू नका बाबांनो, इन्फ्रारेड तर सगळा आरपार येतो आणि डोळ्याला कळतही नाही). माझ्याकडे 52 एमएमचा आहे, निकॉनच्या 18-55 किट लेन्सला बसतो. किंमत काही हजारांत जाते. बाजारात याच्या निम्म्याहून कमी पैशात बिननावाचे 720 वाले मिळतात, त्यातला एक मित्राकडचा वापरून बघितला, दोन्हीने काढलेले फोटो शेजारी ठेवले तर त्याचा शार्पनेस कडेला ढेपाळलेला दिसत होता आणि रिंगचे आटे असे की लावताना आडवा बसतो. हे आटे प्रकरण इथे फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे सांगतो.

मुळात डीएसएलआरला इन्फ्रारेड नकोच असतो. सेन्सर सिलिकॉनचा, त्याला 1000 नॅनोमीटरच्या पुढेपर्यंत दिसतं, म्हणून कंपन्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी एक काच बसवतात. म्हणजे आपण बाहेरून दिसणारा उजेड अडवायचा, आणि कॅमेऱ्याने आतून न दिसणारा अडवायचा, या दोघांच्या कचाट्यातून जे चिमूटभर निसटतं त्यावर आपला फोटो! म्हणून एक्स्पोजर लांब, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. माझ्या निकॉन डी3200 वर भर दुपारी एफ/8 (अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा मोठा तितकं भोक लहान), आयएसओ 200 (सेन्सरची संवेदनशीलता) ला 30 सेकंद तरी लागतात, कधी त्याहून जास्त. आणि निकॉनचा जुना डी70, 2004 चा, 6 मेगापिक्सेलवाला, त्याच्या आतली काच इन्फ्रारेड अडवण्यात इतकी नरम की तेच काम सेकंद-दोन सेकंदात होतं. म्हणून इन्फ्रारेडवाले लोक अजून तो सेकंडहँड शोधत फिरतात. त्याचं कार्ड मात्र सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश, जुन्या प्रकारचं), रीडर शोधायला वेगळी पायपीट, मागचा स्क्रीन 1.8 इंची, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय) नाही. तरी घ्या म्हणेन. स्वतःचा कॅमेरा किती पाण्यात आहे ते बघायचं असेल तर टीव्हीचा रिमोट लेन्सकडे धरून बटण दाबा आणि फिल्टर लावून फोटो काढा, रिमोटचा दिवा किती ठळक येतो त्यावरून अंदाज येतो. आणि हो, निकॉनचा एमएल-एल3 रिमोट स्वतः इन्फ्रारेडवरच चालतो, त्यामुळे शटर मारताना तो लेन्ससमोर धरू नका, कॅमेऱ्याच्या बाजूने मारा :)

आता मुख्य मुद्दा, कंपोझिशन.

फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून काहीही दिसत नाही, काहीही म्हणजे काहीही नाही. ऑटोफोकस पण गप्प. म्हणजे क्रम असा की कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम लावा, फोकस करा, फोकस एम (मॅन्युअल) वर टाका, व्हीआर (लेन्समधली हादरे सावरणारी सोय) बंद, मग फिल्टर चढवा. ऐकायला सोपं, पण ती 18-55 व्हीआर किट लेन्स फोकस करताना पुढून गरागरा फिरते, म्हणजे तुम्ही फिल्टर घट्ट करायला गेलात की तोच पिळ लेन्सच्या पुढच्या नळीला बसतो आणि लावलेला फोकस गेला! म्हणून डाव्या हाताने पुढची रिंग धरायची, उजव्या हाताने फिल्टर फक्त टेकवून अर्धा-पाऊण आटा फिरवायचा, घट्ट करायचाच नाही. इथे स्वस्तातल्या फिल्टरचे आडवे बसणारे आटे घात करतात आणि होयाचे लोण्यासारखे फिरतात, खरे पैसे मी त्याचे मोजले असं म्हणेन. शिवाय इन्फ्रारेडचा फोकस डोळ्याला दिसणाऱ्या फोकसच्या जागी पडत नाही, थोडा सरकतो, जुन्या मॅन्युअल लेन्सवर यासाठी लाल खूण असायची, आताच्या किट लेन्सवर कसली खूण नि कसलं काय. 18 एमएमला एफ/8 किंवा एफ/11 ठेवलं की तो फरक झाकला जातो. आणि व्ह्यूफाइंडरची ती डीके-5 नावाची काळी टोपी, जी सगळ्यांनी खोक्यातच ठेवलेली असते, ती शोधून काढा. अर्धा मिनिट शटर उघडं असतं तेव्हा मागून ऊन शिरतं आणि फोटोवर मधोमध फिकट पट्टा येतो, मग लोक फिल्टरला शिव्या घालतात.

बरं, फ्रेम लावायची म्हणजे काय लावायचं? इथे रंग विसरायचे. हिरवं जे काही जिवंत आहे ते पांढरं होणार. पानातलं क्लोरोफिल लाल-निळा उजेड खातं पण इन्फ्रारेडला ते पारदर्शकच, आणि पानाच्या आतल्या पेशी नि मधल्या हवेच्या पोकळ्या तो उजेड परत फेकतात, म्हणून झाडं बर्फ पडल्यासारखी. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे फोटो 1910 मध्ये छापले, त्याच्यावरूनच याला वुड इफेक्ट म्हणतात. निळं आकाश काळपट, कारण हवेत निळा उजेड विखुरतो तसा इन्फ्रारेड फारसा विखुरत नाही. पाणी इन्फ्रारेड पिऊन टाकतं, ते काळं. आपला सह्याद्रीचा दगड काळा-करडा. हे चार डोक्यात बसले की फिल्टर खिशात असतानाही फ्रेम दिसायला लागते.

उदाहरण देतो. वाईजवळचा मेणवलीचा घाट, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा, चंद्रकोरी आकाराचा. साध्या फोटोत पायऱ्या, कृष्णेचं पाणी आणि पलीकडची झाडी असं छान तीन भागांत पडतं, सगळे तिथेच उभं राहून काढतात. तीच फ्रेम इन्फ्रारेडमध्ये काढली तर पायऱ्यांचा दगड गडद, पाणी त्याहून गडद, आणि जिथे पायरी संपते नि पाणी सुरू होतं ती रेषच नाहीशी, खालचा अर्धा फोटो एक काळा गोळा. डोळ्याला ती रेष इतकी स्वच्छ दिसत असते की हे होईल असं वाटतच नाही. मग करायचं काय, तर खाली बसायचं आणि बाजूला सरकत जायचं, जोपर्यंत पलीकडच्या झाडांचं प्रतिबिंब पायऱ्यांच्या कडेला येऊन टेकत नाही. झाडं पांढरी म्हणजे प्रतिबिंबही पांढरं, आणि त्या पांढऱ्यावर पायऱ्यांची कड एकेक करून कापल्यासारखी उठून दिसते. पाणी जरा हलत असलं तरी 30 सेकंदात ते दुधाळ होऊन जातं, उलट बरंच. ऊन तिरकं असेल तर पायऱ्यांच्या वरच्या बाजू उजळतात आणि उभ्या बाजू काळ्या राहतात, मग तर काय बघायलाच नको.

तसंच वडाचं. साध्या फोटोत वड म्हणजे हिरवा-तपकिरी पसारा, नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही. इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरी नि पारंब्या करड्या, म्हणजे झाडाचा सांगाडा आपोआप सुटा होतो. अशा वेळी जवळ जा, अख्खं झाड बसवायच्या नादाला लागू नका.

देवळांचं म्हणाल तर दगडी घ्या, चुन्याने रंगवलेली नको. सिन्नरचा गोंदेश्वर बघा, काळं दगडी पंचायतन (मधे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत चार छोटी), भोवती गवत. गवत पांढरं, आकाश काळं, मधे करडं शिखर, प्रत्येकाची जागा वेगळी. पांढरं रंगवलेलं गावातलं देऊळ, त्यामागे आंब्याचं झाड, अशी फ्रेम लावली तर पांढऱ्यावर पांढरं, कळस कुठे संपला नि आंबा कुठे सुरू झाला शोधत बसा. एक लक्षात ठेवा, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, आणि 30 सेकंद कॅमेरा हातात कोणी धरू शकत नाही. डी70 सारखा जुना बॉडी असेल तर कॅमेरा कट्ट्यावर ठेवून भागतं.

आकाश निवडताना ढग हवेतच. निरभ्र आकाश साध्या फोटोत चालून जातं, इथे ते नुसता काळा पडदा. पांढरे फुटकळ ढग असले की फोटोला जीव येतो, म्हणून आपल्याकडे याचा खरा हंगाम पाऊस सरता सरता, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. गवत अजून ताजं, हवा धुतलेली, ऊन कडक. भर पावसाळ्यात ढगाळ असताना मजा नाही, सगळं सपाट करडं. आणि सूर्य पाठीमागे किंवा बाजूला ठेवा, आकाश सूर्याच्या विरुद्ध बाजूला जास्त काळं होतं. सूर्य फ्रेमच्या जवळ आला तर या काचेवर फ्लेअर (उन्हाचे डाग नि धूसरपणा) फार लवकर येतो. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी 11 ते 3, ज्या वेळेला बाकी फोटोग्राफर मंडळी ऊन फार हार्श आहे म्हणून जेवून झोपतात, ती याची वेळ. पहाटे चारला उठून गड चढायची गरज नाही, घरचं जेवून निघा!

वारा मात्र शत्रू. फांदी हलली की पानांचा कापूस. काहींना ते आवडतं, मला फ्रेमच्या मधोमध नाही आवडत, कडेला चालतं. माणसं 30 सेकंदात गायब होतात, त्यामुळे रविवारी गर्दीच्या ठिकाणीही घाट रिकामा मिळतो, हा फायदाच. पण कोणाला तरी उभं करायचंच असेल तर आधी सांगा की बाबा रे हलू नकोस, आणि कपड्यांचा भरवसा धरू नका, काळे सिंथेटिक कपडे बऱ्याचदा चक्क फिकट येतात. काळ्या छत्रीवर फ्रेम बेतली आणि ती करडी निघाली असं होऊ शकतं.

रंगांचं थोडक्यात. फिल्टर लावून उन्हातल्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या (म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला दाखवा) नाहीतर फोटो नुसता लालभडक, आणि रॉ मध्येच काढा, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल. लाइटरूम या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्स 2000 केल्व्हिनच्या खाली जात नाही म्हणून तिथे तो लालच राहतो, त्यासाठी अडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरने वेगळं प्रोफाइल बनवावं लागतं, किंवा निकॉनचं फुकटचं एनएक्स स्टुडिओ वापरा, ते कॅमेऱ्यातलं सेटिंग तसंच उचलतं. मग फोटोशॉपमध्ये लाल आणि निळा चॅनल अदलाबदल केले की आकाश निळं. मी स्वतः बहुतेक कृष्णधवलच ठेवतो. कॅमेऱ्यातही पिक्चर कंट्रोल (निकॉनचं रंगछटांचं सेटिंग) मोनोक्रोमवर ठेवतो, रॉ ला काही होत नाही पण मागच्या स्क्रीनवर काळं-पांढरं दिसतं आणि फ्रेम जमली की नाही ते तिथल्या तिथे कळतं, लाल चित्र बघून काही म्हणता काही कळत नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले ठिपके काढायचं सेटिंग) चालू असेल तर 30 सेकंदाच्या फोटोमागे आणखी 30 सेकंद कॅमेरा अडकून बसतो, घाबरू नका, बिघडला नाहीये.

जुन्या इन्फ्रारेड फोटोंमधली ती झाडांभोवतीची धूसर प्रभा यातून मिळेल असं समजू नका. ती कोडॅकच्या एचआयई फिल्ममुळे यायची, तिला मागून परतणारा उजेड थांबवणारा थरच नव्हता. ती फिल्म 2007 मध्ये बंद झाली. आता हवी तर सॉफ्टवेअरमध्ये करा.

लेन्सचंही बघून घ्या. काही लेन्स नेहमीच्या फोटोला उत्तम असतात पण इन्फ्रारेडमध्ये मधोमध फिकट डाग देतात, हॉटस्पॉट म्हणतात त्याला, आणि अपर्चर लहान केलं की तो अजून ठळक होतो. माझ्याकडची एक 50 एमएमची प्राइम (झूम नसलेली लेन्स) याच कारणाने घरी बसते, किट लेन्स मात्र बिनतक्रार चालते. फिल्टर घ्यायच्या आधी दुकानात कोणाचा तरी लावून एफ/11 ला आकाशाचा फोटो काढून बघा.

कॅमेरा उघडून आतली काच काढून कायमचा इन्फ्रारेड करून घेणारेही आहेत, मग फिल्टरची, ट्रायपॉडची, आंधळेपणाची भानगडच नाही. पण तो कॅमेरा नंतर साध्या फोटोला तसाच्या तसा उपयोगी पडत नाही, आणि घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचा विचार असेल तर आत फ्लॅशचा कपॅसिटर चांगला जोराचा शॉक देतो हे माहीत असू द्या. सुरुवातीला फिल्टरच बरा.

साइजचं शेवटी. पुढे मोठी लेन्स घ्यायचा बेत असेल तर 52 चा घेऊ नका, 77 चा घ्या आणि स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा, एकदाच खर्च. तोटा एवढाच की मग लेन्सचं हूड बसत नाही, तेव्हा उन्हाकडच्या बाजूला टोपी किंवा वही धरून उभं राहायची तयारी ठेवा, फक्त ती फ्रेममध्ये येत नाही ना हे फिल्टर चढवायच्या आधी बघून घ्या, नंतर दिसणार नाही.