गूगल शीट्सवर पाळ्यांचं वेळापत्रक: तीस-चाळीस माणसांच्या प्रेस शॉपसाठी

प्रेस शॉप म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा दाबून भाग बनवणारा कारखाना. तिथल्या पाळ्या लावायला गूगल शीट्स फुकट आहे आणि सुपरवायझरच्या मोबाइलवर उघडतं, एवढं बहुतेकांना पुरतं. पण तयार टेम्प्लेट उचलून नावं भरली, तर हाती येतो नुसता रंगीत तक्ता. कोण कधी येणार ते त्यात दिसतं, कोण न झोपता येणार ते दिसत नाही.

त्यासाठी एक रकाना स्वतः करावा लागतो: विश्रांती. आजच्या पाळीच्या सुरुवातीतून मागच्या पाळीचा शेवट वजा करायचा आणि उत्तर 11 तासांच्या खाली आलं की कंडिशनल फॉरमॅटिंगने (अट जुळली की आपोआप रंग देणारी सोय) लाल. (युरोपातला नियमही सलग 11 तासांचाच.) सकाळी 7ला तिसरी पाळी सुटलेल्या माणसाला दुपारी 3ला पुन्हा बोलावलं, तर मधे 8 तास. त्यातून जाणं-येणं, जेवण वगळा. झोपेला उरतं काय?

इथेच शीट फसवतं. रकान्यात नुसती वेळ भरली की मध्यरात्र ओलांडणारी पाळी उणे तास दाखवते, म्हणून तारीख आणि वेळ एकत्र भरा. आठवड्याच्या बेरजेला फॉरमॅट 'ड्यूरेशन' ठेवा, नाहीतर 48 तासांचे शून्य दिसतात. दुसरी कटकट कॉपी-पेस्टची: साध्या पेस्टमध्ये रंगांचे नियमही सोबत जातात आणि तुकडे होऊन बसतात. फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा, सूत्रांचे रकाने प्रोटेक्ट करा.

पाळीबदल पहिली, दुसरी, तिसरी असाच पुढे न्यावा. शरीराला झोप उशिरा ढकलणं सोपं जातं. मात्र रविवारी सकाळी 7ला तिसरी सुटून सोमवारी 7ला पहिली लागली, तर साप्ताहिक सुट्टी झोपेतच संपते. त्या गटाची शेवटची रात्र शुक्रवारची ठेवा. शनिवारी रात्रीचं उत्पादन बुडतं खरं, पण ती रात्र मेंटेनन्सला देता येते.

डाय (प्रेसमध्ये बसवायचा साचा) बदलणं पहिल्या पाळीत, लांब लॉट (एकाच डायवर बराच वेळ चालणारं काम) तिसरीत. पहाटे 3 ते 5 मध्ये डायचं सेटिंग नको. त्या वेळी डोळा लागतो आणि हात डायमध्ये असतो. प्रत्येक पाळीत किमान एक सेटर (डाय बसवणारा) आणि एक प्रथमोपचार शिकलेला माणूस आहे का, हे काउंटइफ्सचं सूत्र मोजून देतं.

जे येत नाही ते असं: पर्यायी माणूस शीट सुचवत नाही, हजेरीच्या पंचिंग मशीनशी आपोआप जुळत नाही. ठरलेली पाळी आणि पंचिंगमधली वेळ रोज हाताने ताडावी लागते. हे चुकवलं की आयत्या वेळी लावलेली डबल ड्यूटी कागदावर येतच नाही आणि विश्रांतीचा रकाना लाल होतच नाही. साठ माणसांच्या वर हे ताडणं झेपत नाही. तिथे पैसे मोजून रोस्टरचं सॉफ्टवेअर घ्यावं.