क्रिटामधलं एआय प्लगिन: आधी तुमची रेघ, मग यंत्राची

क्रिटा हे चित्रकारांसाठीचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्यात ‘एआय डिफ्युजन’ नावाचं प्लगिन जोडता येतं, तेही मोफत. आत चालतात ती मुख्यतः स्टेबल डिफ्युजन घराण्यातली, म्हणजे शब्दांवरून चित्र बनवणारी मॉडेलं. शब्द टाकले की चित्र देणाऱ्या सोयी आता ढिगाने आहेत. इथे मात्र कॅनव्हास, ब्रश आणि लेयर चित्रकाराच्याच हातात राहतात. यंत्राने केलेलं काम नव्या लेयरवर येतं, खालचं मूळ चित्र जसंच्या तसं राहतं.

बसवणं अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. प्लगिनची झिप फाइल उतरवायची, क्रिटाच्या ‘टूल्स’ मेनूतल्या ‘स्क्रिप्ट्स’मधून ती आयात करायची, क्रिटा बंद करून पुन्हा उघडायचं आणि ‘डॉकर्स’च्या यादीतून एआयची पट्टी चालू करायची. मग मॉडेलं उतरतात. डिस्कवर दहा-पंधरा जीबी जागा मोकळी ठेवा. ग्राफिक्स कार्डाची मेमरी किमान ६ जीबी हवी. नुसत्या प्रोसेसरवरही चालतं, पण एकेका चित्रासाठी इतकं थांबावं लागतं की तेवढ्यात हाताने रंगवून होईल.

सगळी मेख आहे ती ‘स्ट्रेंग्थ’च्या, म्हणजे यंत्राने चित्र किती बदलावं हे ठरवणाऱ्या स्लायडरमध्ये. १०० टक्क्यांवर यंत्र कोऱ्या गोंगाटापासून, म्हणजे नुसत्या विस्कळीत ठिपक्यांपासून सुरुवात करतं, तुमच्या चित्राकडे बघतही नाही. स्लायडर खाली आणला की तुमच्याच चित्रावर थोडा गोंगाट पसरून तो पायरीपायरीने काढायला घेतं. चित्राची मोठी मांडणी पहिल्या काही पायऱ्यांतच ठरून जाते. २० पायऱ्या आणि ३० टक्के म्हणजे शेवटच्या साधारण ६ पायऱ्याच चालतात, म्हणून आकार टिकतात आणि पोत तेवढा बदलतो. ५० ते ६० टक्क्यांत कपड्यांच्या चुण्या, झाडांची पानं, छायाप्रकाश नव्याने येतात. ७०च्या पुढे आकृत्या जागा सोडू लागतात. रंगांचे ढोबळ ठोकळे मांडून ५५वर चालवा, जमलेला भाग ठेवा, बाकीचा पुसा, वर ब्रश मारा आणि ३५वर पुन्हा चालवा. या प्लगिनची खरी किंमत या येरझारीत कळते.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे कंट्रोल लेयर. यामागचं कंट्रोलनेट तंत्र २०२३ साली आलं. तुमचं रेखाटन, जवळ-लांब काय आहे ते सांगणारा खोलीचा (डेप्थ) नकाशा किंवा माणसाच्या सांध्यांचा सांगाडा दाखवून यंत्राला बांधून ठेवता येतं. चूक होते ती इथे: कच्च्या, चार-चार रेघांच्या स्केचला ‘लाइन आर्ट’ लावलं की यंत्र प्रत्येक रेघ खरी मानतं आणि हाताला सहावं बोट फुटतं. कच्च्या रेघांना ‘स्क्रिबल’, साफ शाईकामालाच ‘लाइन आर्ट’.

अंधाराचं दुखणं मात्र मुळातलं आहे. स्टेबल डिफ्युजनच्या एसडी १.५ आणि एसडीएक्सएल या आवृत्त्या ज्या पद्धतीने शिकवल्या गेल्या, त्यात पूर्ण गोंगाट कधी वापरलाच गेला नाही. चित्राच्या सरासरी उजेडाचा थोडा माग कायम शिल्लक राहिला. परिणामी नुसत्या शब्दांनी काळीकुट्ट रात्र मागा, येते ती करडी संध्याकाळ. उपाय साधा: कॅनव्हास आधी स्वतः काळा रंगवा, दिव्याचा एक ठिपका ठेवा आणि ७०च्या आत चालवा.

गर्दीतले लहान चेहरे वितळल्यासारखे दिसतात, त्यालाही कारण आहे. मॉडेल चित्र दोन्ही बाजूंनी आठपट आक्रसून त्यावर काम करतं. ६४ पिक्सेलचा चेहरा त्याच्या लेखी ८ बाय ८ घरांचा. त्यात डोळे कुठे मावणार? चेहऱ्याभोवती थोडं सैल सिलेक्शन करून तेवढाच भाग पुन्हा करा. प्लगिन तो मोठ्या आकारात काढून परत जागेवर बसवतं.

प्रॉम्प्टबद्दल, म्हणजे यंत्राला लिहून द्यायच्या वर्णनाबद्दल थोडक्यात. एसडी १.५ आणि एसडीएक्सएल यांना इंग्रजीच नीट कळतं. एका खेपेला ७५ टोकनं (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) बसतात, आणि देवनागरी शब्दाचे इतके तुकडे पडतात की दोन ओळींतच जागा संपते. चित्रातली अक्षरं यंत्राकडून काढून घेण्याचा नाद सोडा, ती क्रिटाच्या टेक्स्ट टूलने टाका.

लाइव्ह मोडमध्ये ब्रश फिरेल तसं बाजूचं चित्र बदलत राहतं. दिसायला सगळ्यात मोहक, आणि विचाराला सगळ्यात घातक सोय हीच. दहा मिनिटांत ब्रश यंत्राला जे आवडतं त्याच्या मागे पळू लागतो. मॉडेल नेहमी सर्वांत संभाव्य उत्तराकडे झुकतं: मधोमध आकृती, मागून उजेड, गुळगुळीत त्वचा. २०२४ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या एका प्रयोगात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथा सुट्या वाचल्या तर सरस ठरल्या, पण एकमेकींसारख्या झाल्या. चित्रांतही तोच धोका दिसतो. म्हणून सहा-आठ छोटे आराखडे प्लगिन बंद ठेवूनच काढावेत आणि एक पक्का झाल्यावरच ते चालू करावं.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही सेटिंगने सुटत नाहीत. मूळ स्टेबल डिफ्युजन इंटरनेटवरून गोळा केलेल्या ज्या ‘लायन’ नावाच्या चित्रसंचातून शिकलं, त्याच्या ५बी आवृत्तीत सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या आहेत. त्या चित्रांच्या कलाकारांना कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी प्लगिन बसवूच नये, क्रिटा त्याच्याविना उत्तमच आहे. दुसरं, हक्काचं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ साली एका चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिलं, एआयने काढलेल्या चित्रांना नाही. तेव्हा लेयर एकत्र करून मोकळे होऊ नका. स्केच, ठोकळे, यंत्राचा लेयर, वरचं ब्रशकाम अशी वेगवेगळी नावं द्या आणि क्रिटाची ती मूळ .केआरए फाइल ग्राहकाला पाठवायच्या जेपीजीसोबत जपून ठेवा.