टी-४ लायगेजचा संच: विकर चोख, बफरची बांधणी गैरसोयीची

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांसाठी आम्ही टी-४ डीएनए लायगेजचा एक संच मागवला होता. तो वर्षभर वापरल्यावर हे लिहीत आहे. डीएनएच्या पदराला पडलेली चीर सांधणे हे या विकराचे काम असून, पेशीतील बहुतेक दुरुस्त्यांचा शेवटचा टाका याच कुळातील प्रथिने घालतात.

हा टाका एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, खर्चाने पडतो. विकर आधी एटीपी फोडून त्यातील एएमपी हा तुकडा आपल्याच एका लायसिनवर (अमिनो आम्लावर) चढवते व पायरोफॉस्फेट सोडून देते, नंतर तो एएमपी चिरेच्या ५' टोकावरील फॉस्फेटवर ठेवते, आणि अखेर शेजारचा ३' हायड्रॉक्सिल गट त्या फॉस्फेटशी जोडला गेला की एएमपी मोकळा होतो. डीएनएमधील बिघडलेला बेस (अक्षर) छाटणाऱ्या ग्लायकोसिलेज या विकराला एटीपी लागत नाही, कारण बंध तोडण्याचे काम पाण्याच्या रेणूवर भागते. सांधणाऱ्याला मात्र लागतोच. (ई. कोलायचे स्वतःचे लायगेज याच कामासाठी एटीपीऐवजी एनएडी हा रेणू वापरते.)

म्हणूनच या संचात विकराइतकेच महत्त्व बफरला, म्हणजे जोडणी ज्यात होते त्या द्रावणाला, आहे, आणि उत्पादक नेमका तिथेच चुकला आहे. ग्लिसरॉलमधील विकर उणे २० अंशांवरही गोठत नाही, त्यामुळे ते वर्षभर टिकले. पण एटीपी असलेला बफर एकाच मोठ्या नळीत दिला आहे आणि तो दर वेळी वितळवून पुन्हा गोठवावा लागतो; त्यात एटीपी हळूहळू नासतो. पहिल्या तुकडीने हिंड-३ या कापणाऱ्या विकराने तुकडे केलेला लॅम्डा विषाणूचा डीएनए जोडला, तेव्हा जेलवर (तिथे लहान तुकडे खाली, मोठे वर दिसतात) खालचे पट्टे विरून वर, खाचेजवळ, जाड पट्टा आला. चार महिन्यांनी त्याच संचाने जोडणी केली, तर सगळे पट्टे जागच्या जागी! विद्यार्थ्यांनी विकरालाच दोष दिला. मी ताजे एटीपी १ मिलिमोलर प्रमाणात घालून प्रयोग पुन्हा लावायला सांगितले आणि जोडणी पूर्ववत झाली. विक्रेत्याकडे विचारणा केली, तेव्हा नवा संच घेण्याचा सल्ला मिळाला. माहितीपत्रकात बफर वाटून ठेवण्याविषयी एक ओळही नाही.

विकराच्या गुणवत्तेबद्दल माझी तक्रार नाही, त्यामुळे संच पुन्हा मागवला आहे. आल्या दिवशीच बफर कोमट हातात धरून, तळाशी बसलेले डीटीटीचे (बफरमधील एका रसायनाचे) पांढरे कण विरघळेपर्यंत हलवून, २०-२० मायक्रोलिटरच्या नळ्यांत भरून ठेवला.