कोरोनानंतर यकृताच्या तपासण्या: एका घरपोच सेवेचा अनुभव

मे 2021 मध्ये वडील कोरोनातून बरे होऊन घरी आले, तेव्हा मधुमेह आणि जुने फॅटी लिव्हर लक्षात घेऊन डॉक्टरांनी दर आठवड्याला एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करण्यास सांगितले. त्यासाठी पुण्यातील एका प्रयोगशाळेची घरपोच सेवा आम्ही सहा आठवडे घेतली. नमुना घेणारा मुलगा सकाळी सातला हजर असे, आणि शीर सापडली नाही तर पुन्हा सुई टोचण्याआधी गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकून पाहत असे.

त्यांच्या अर्जावर चालू औषधांबरोबर काढ्यांचाही रकाना होता, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कोरोनाच्या रुग्णांत यकृताला इजा विषाणूमुळे उसळलेल्या दाहाने, ऑक्सिजन घटल्याने किंवा औषधांनीही होऊ शकते. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) बरेच वाढून 186 आल्यावर डॉक्टरांनी तो रकाना वाचला आणि रोजचा गुळवेलीचा काढा प्रथम बंद केला. (गुळवेलीनंतर यकृतदाह झालेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती.)

तक्रार एकच, पण गंभीर आहे. तिसऱ्या आठवड्यात एसजीओटी (यकृताबरोबर तांबड्या पेशींतही असणारे असेच एक एन्झाइम) एकाएकी दुप्पट दिसले. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या की हा आकडा उगाच चढतो, तरीही अहवालात तसा शेरा नव्हता. फेरतपासणीत आकडा उतरला, मात्र तिचेही पूर्ण पैसे घेतले. पाचपैकी साडेतीन गुण.