सातारा की सांगली? नामवंतांच्या यादीवरून कॉलेज निवडताना

कऱ्हाड, कडेगाव, विटा या पट्ट्यातल्या घरांत बारावीचा निकाल लागला की एक वाद ठरलेला असतो. पोरीला बी.ए.ला घालायचं, पण कुठं? साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात की सांगलीला विलिंग्डनमध्ये? दोन्हीकडं एसटी आहे आणि दोन्हीकडं कुणीतरी जवळचं माणूस आहे. साताऱ्याचे मामा म्हणणार, "दाजी, कर्मवीरांचं कॉलेज आहे. किती मोठमोठी माणसं तिथनं बाहेर पडली!" मिरजेची आत्या म्हणणार, "दादा, विलिंग्डनची सर कशाला नाही." मग दोघंही बोटांवर नावं मोजायला लागतात, आणि ज्याची बोटं जास्त भरली त्याचं कॉलेज भारी.

मोजणीत मला रस नाही, नावांत मात्र आहे. ते माणूस त्या कॉलेजात का आलं, तिथं असताना वर्गाबाहेर काय करत होतं आणि पुढं पदवीच्या विषयापासून किती लांब गेलं, हे पाहिलं की कॉलेजचा स्वभाव कळतो. सातारा आणि सांगलीचे स्वभाव चांगलेच वेगळे आहेत.

गंमत म्हणजे दोन्हींची मुळं एकाच वर्षातली. जून १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगली आणि मिरज यांच्या मधोमध, विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज काढलं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांचं नाव त्याला दिलं. फर्ग्युसन चालवणारी हीच संस्था, त्यामुळं तिथली शिस्त आणि तिथली प्राध्यापकी सांगलीत आली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पण रयतेचं पहिलं कॉलेज, म्हणजे साताऱ्याचं हे शिवाजी कॉलेज, निघायला १९४७ उजाडलं. मधली अठ्ठावीस वर्षं वसतिगृहं आणि शाळा काढण्यात गेली. साताऱ्याचं शाहू बोर्डिंग १९२४ चं. सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकापासून शेतातल्या कामापर्यंत सगळं स्वतः करत.

म्हणजे विलिंग्डननं आधी प्राध्यापक आणले, मग त्यांच्याकडं विद्यार्थी आले. साताऱ्यात उलटं झालं. पोरं आधीच गोळा झालेली होती, त्यांच्यासाठी कॉलेज बांधावं लागलं. पुढच्या दोन्ही याद्यांमधला फरक मला तरी इथूनच सुरू झालेला दिसतो.

जुन्या काळातली दोन नावं दोन्ही याद्यांच्या बाहेरची आहेत, पण ती ध्यानात ठेवलेली बरी. भारताचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्याचे. १९१८ मध्ये ते साताऱ्यातून मॅट्रिक झाले आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात गेले, तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. साताऱ्यात तेव्हा कॉलेज नव्हतं, सांगलीत एका वर्षानं निघणार होतं. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. शाळा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलची आणि बी.ए. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून, १९३८ चं. त्यांचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे, कारण १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं 'आमच्या जिल्ह्याचा माणूस' या मुद्द्यावर मामा-आत्यांनी फार ताणू नये.

आता सांगलीची यादी. तिथलं मला सगळ्यांत बोलकं वाटणारं नाव वसंत कानेटकरांचं. जन्म रहिमतपूरचा, म्हणजे सातारा जिल्ह्यातला. शिकायला विलिंग्डन, आणि मग नाशिकला इंग्रजीची प्राध्यापकी. पुढं ही प्राध्यापकी मागं पडली आणि मराठी रंगभूमीवर कित्येक वर्षं त्यांच्या नाटकांचे बोर्ड लागत राहिले, ऐतिहासिकही आणि सामाजिकही. १९८८ च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. इंग्रजी वाङ्‌मयावर पोसलेला आणि मराठीत लिहिणारा हा लेखक विलिंग्डनच्या वातावरणाशी अगदी जुळतो. त्या कॉलेजच्या प्राचार्यपदावर एके काळी वि. कृ. गोकाक होते. ऑक्सफर्डला इंग्रजी शिकून आलेले, कन्नडमध्ये लिहिणारे, पुढं ज्ञानपीठ मिळालेले. रं. श्री. मुगळी याच कॉलेजात कन्नड शिकवत, आणि कन्नड साहित्याच्या इतिहासासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सांगलीच्या कॉलेजात मराठी पोरांच्या शेजारच्या बाकावर विजापूर-बेळगावकडची कन्नड पोरं बसत, हे आज कुणाला आठवतही नाही.

इथं माझं एक मत सांगून टाकतो. कॉलेज निवडताना माजी विद्यार्थ्यांच्या यादीपेक्षा माजी शिक्षकांची यादी जास्त उपयोगाची. विद्यार्थी तीन वर्षं असतो, आणि पुढं तो जे करतो त्यात घरचा, नशिबाचा, गावाचाही वाटा असतो. शिक्षक तिथं दहा-वीस वर्षं काढतो. आजचे शिक्षक कोण आहेत हे अर्थातच त्याहून महत्त्वाचं, पण ते माहितीपत्रकातून कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार पोरांना कॅन्टीनमध्ये गाठावं लागतं.

साताऱ्याची यादी उघडली की हवा बदलते. पतंगराव कदम सोनसळचे. गावात पुढचं शिक्षण नव्हतं, म्हणून कुंडलच्या बोर्डिंगात शिकले आणि मग साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात 'कमवा व शिका' योजनेत आले. पुढं पुण्याला जाऊन १९६४ मध्ये, विशीत, त्यांनी भारती विद्यापीठ काढलं. मग आमदारकी आणि मंत्रिपद. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरतेच: जे पोरगं काम करून शिकलं, ते पहिली संधी मिळताच शाळा-कॉलेजं काढायला धावलं. हा साताऱ्याचा ठसा आहे. बॅरिस्टर पी. जी. पाटील कर्मवीरांच्या हाताखाली वाढले, विलायतेला जाऊन आले, रयतेत परत आले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

शिक्षकांमध्ये एन. डी. पाटील. ढवळीचे, अर्थशास्त्राचे एम.ए. १९५४ ते १९५७ या काळात ते शिवाजी कॉलेजात शिकवत होते आणि 'कमवा व शिका'च्या वसतिगृहाचं कामही बघत. नंतर शेतकरी कामगार पक्ष, सहकारमंत्रिपद, रयतेचं अध्यक्षपद आणि शेवटपर्यंत रस्त्यावरची आंदोलनं. अर्थशास्त्र शिकवणारा माणूस संध्याकाळी त्याच पोरांच्या कामाचे तास आणि जेवणाचा खर्च बघत असेल, तर वर्गातलं अर्थशास्त्र किती वेगळं होत असेल याचा विचार करा.

'कमवा व शिका' म्हणजे नेमकं काय, हे आजच्या पालकांना सांगावं लागतं. १९४७ मध्ये कॉलेज सुरू झालं तेच मोफत आणि निवासी, आणि मोफतचा हिशोब पोरांच्या कामातून बसवलेला. कर्मवीरांच्या काळात ते शेत आणि बांधकाम होतं. आता कामं हलकी झालीत. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागेची निगा, कार्यालयातल्या नोंदी, तासांवर मोबदला. त्यात महिन्याचा सगळा खर्च निघतो असं कुणी समजू नये, मेसचा भार हलका होतो एवढंच. ही योजना एकट्या साताऱ्याची राहिलेली नाही, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही ती चालते. पण साताऱ्यात काम करणाऱ्या पोराकडं कुणी वेगळ्या नजरेनं बघत नाही, आणि गावाकडनं आलेल्या लाजऱ्या मुलाला याचं मोल पैशापेक्षा जास्त असतं.

आता तो माणूस, ज्याच्यावरून मामा आणि आत्या दोघंही भांडू शकतील. नरेंद्र दाभोलकर. १९४५ मध्ये साताऱ्यात जन्म, दहा भावंडांतले धाकटे. शाळा साताऱ्याची न्यू इंग्लिश स्कूल. मग सांगलीचं विलिंग्डन. मग मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय, १९७० मध्ये एम.बी.बी.एस. मग परत सातारा. बारा वर्षांच्या आसपास दवाखाना चालवला आणि तो सोडून सामाजिक कामात उतरले. १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती, साताऱ्यात 'परिवर्तन'चं व्यसनमुक्तीचं काम, १९९८ पासून 'साधना' साप्ताहिकाचं संपादन. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला.

त्यांचं नाव कोणत्या यादीत लावायचं? विलिंग्डन लावणार, मिरज लावणार, सातारा तर लावणारच. पण माझं लक्ष जातं ते कबड्डीकडं. ते शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे कर्णधार होते, बांगलादेशाविरुद्ध भारताकडून खेळले आणि राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कारही कबड्डीसाठीच मिळाला. वैद्यकीय शिकणारा पोरगा, अभ्यासाचा तो डोंगर, आणि संध्याकाळी मातीत चढाई. नंतर गावोगाव जाऊन विरोधी जमावासमोर उभं राहून शांतपणे बोलणारा माणूस कुठल्या तासाला तयार झाला, हे गुणपत्रिकेत सापडणार नाही. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळा दाखवतीलच, तुम्ही संध्याकाळी साडेपाचला मैदानावर जा. पोरं खेळतायत का, आणि खेळात मुली किती आहेत, ते बघा.

यादीत नाव कसं शिरलंय तेही तपासावं. काही जण तिथले पदवीधर असतात, काही वर्ष-दोन वर्षं शिकून गेलेले असतात, काही नुसते शिकवायला होते. कॉलेजं हा फरक सांगत बसत नाहीत. सगळे 'आमचे'.

दुसरा तपासायचा मुद्दा कोरडा आहे, पण निर्णयाला तोच जास्त लागू पडतो: पदवीवर कुणाचं नाव येणार? विलिंग्डनमध्ये १९२५ साली बी.ए. झालेल्याची पदवी मुंबई विद्यापीठाची. १९५५ साली झालेल्याची पुण्याची, कारण पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि सातारा, सांगली, कोल्हापूर त्याच्याकडं आले. साताऱ्यात मात्र २०२१ मध्ये पुन्हा बदल झाला. शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. म्हणजे आज साताऱ्यात प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या पदवीवर नव्या विद्यापीठाचं नाव असेल. 'शिवाजी विद्यापीठाचे नामवंत' म्हणून जी नावं मामा सांगतात, ती तांत्रिकदृष्ट्या तिच्या विद्यापीठाची नसतील.

हे चांगलं की वाईट? नव्या विद्यापीठाला अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, तीनच कॉलेजं असल्यानं परीक्षा आणि निकालाचा पसारा लहान राहतो. उलट मुंबई-पुण्यातल्या नोकरीच्या मुलाखतीत सुरुवातीची काही वर्षं "हे कुठलं विद्यापीठ?" हा प्रश्न येणार. स्पर्धा परीक्षेला याचा काही फरक पडत नाही, मान्यताप्राप्त पदवी असली की झालं. परदेशी शिकायला जायचं असेल तर थोडी जास्त कागदपत्रं जोडायची तयारी ठेवा.

विज्ञानाचं एक लक्षात घ्या. साताऱ्यात बी.एस्सी. म्हणजे शिवाजी कॉलेज नव्हे, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट. विलिंग्डनमध्ये कला आणि विज्ञान एकाच आवारात आहेत. रसायनशास्त्र शिकणाऱ्या पोरीला इंग्रजी नाटकाच्या तालमीत शिरता येतं, आणि ही सोय मला फार मोठी वाटते. वाणिज्य करायचं असेल तर ही सगळी चर्चा सोडून घराजवळचं चांगलं कॉलेज धरा. इंजिनिअरिंगसाठी सांगलीचं वालचंद आहेच, १९४७ पासूनचं, पण तिथला प्रवेश सीईटीचे गुण ठरवतात, मामा-आत्या नाहीत.

सांगलीत तिसरा पर्यायही आहे, त्याचं नाव घरच्या वादात सहसा निघत नाही. आर. आर. पाटील अंजनीचे, घरची परिस्थिती बेताची, बी.ए. सांगलीच्या शांतिनिकेतनमधून. जिल्हा परिषदेपासून उपमुख्यमंत्रिपदापर्यंत गेले आणि ग्रामविकास खात्यात असताना ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत नेलं. त्यांची वाट विलिंग्डनच्या यादीपेक्षा साताऱ्याच्या यादीशी जास्त जुळते. तेव्हा मघाशी मी जो स्वभावाचा मुद्दा मांडला, तो शहराचा नाही, संस्थेचा आहे.

माझा कौल विचाराल तर असा. मुलीला भाषा, साहित्य किंवा शुद्ध विज्ञानात खोल जायचं असेल, पुढं एम.ए., एम.एस्सी. किंवा संशोधन डोक्यात असेल आणि घरून राहण्याखाण्याचे पैसे निघत असतील, तर सांगली. स्पर्धा परीक्षा, समाजकार्य, शिक्षकी पेशा किंवा सार्वजनिक आयुष्याकडं ओढा असेल तर सातारा. मुलगी हुशार आहे पण घरचा हात आखडता आहे, तर विषय कुठलाही असो, मी साताऱ्याकडं झुकेन. फक्त एक करा. 'कमवा व शिका'च्या आणि वसतिगृहाच्या जागा मर्यादित असतात, अर्ज वेगळा असतो आणि त्याची तारीख प्रवेशाच्या तारखेशी जुळेलच असं नाही. निकालाच्या आठवड्यातच कार्यालयात जाऊन विचारा, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तहसील कचेरीत जूनमध्ये त्यासाठी केवढी रांग लागते ते तुम्हाला ठाऊक आहेच.